चार वाजून सहा मिनिटांपर्यंत

१२ एप्रिल १९४४, बुधवार

'फोर्ट स्टिकीन' ही मालवाहू बोट कराचीहून मुंबईत आली आणि व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबरच्या धक्क्याला लागली. इंग्लंडमधल्या बर्केनहेडहून ती २४ फेब्रुवारीला निघाली होती. पोटात जवळपास १,४०० टन दारूगोळा. त्यातली २३८ टन स्फोटकं सगळ्यात नाजूक वर्गातली. शिवाय खोक्यांत भरलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या. कराचीत काही माल उतरल्यावर जी जागा रिकामी झाली, तिथे कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, लाकूड आणि भंगार लोखंड भरलं गेलं. कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांना ही भरताड पसंत नव्हती. पण युद्ध चालू होतं, बोटी कमी होत्या, आणि युद्धात जागा रिकामी ठेवणं हा गुन्हा समजला जातो.

शांततेच्या दिवसांत दारूगोळ्याची बोट गोदीच्या आत येऊच देत नसत. बाहेर समुद्रात उभी करून छोट्या पडावांतून माल उतरवायचा, अशी रीत होती. ती युद्धापायी बाजूला पडली होती. अशा बोटीनं लाल बावटा लावायचा, हीदेखील रीत होती. 'फोर्ट स्टिकीन'वर लाल बावटा नव्हता. आजूबाजूला उभ्या असलेल्या बोटींना, धक्क्यावरच्या हमालांना आणि दोन दिवसांनी धावत येणाऱ्या बंबवाल्यांना बाहेरून कळायला काहीच मार्ग नव्हता.

मी गिरडचा. आमच्या गावाला लोक ओळखतात ते टेकडीवरच्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे. समुद्र म्हणाल तर तो आमच्या समुद्रपूर तालुक्याच्या फक्त नावात आहे. गोदी, धक्का, पडाव या गोष्टी मी वाचूनच जाणतो. पण कापूस कसा जळतो, हे कुठल्याही कप्तानापेक्षा हिंगणघाटच्या जिनिंगमधला हमाल जास्त चांगलं सांगेल. सुटा कापूस भडकन पेटतो आणि चार माणसांना दिसतो. गाठीचं तसं नाही. दाबून बांधलेल्या रुईच्या गाठीत ठिणगी राहिली की ती आतल्या आत पोखरत जाते. वरून हात लावावा तर गाठ थंड. धूर निघायला कधी तास लागतात, कधी दिवस. पाणी मारलं तर ते वरच्या थरावरून ओघळून जातं. म्हणून संशय आलेली गाठ आधी ओढून उघड्यावर एकटी ठेवायची, मग पट्ट्या कापून उकलायची. हे शहाणपण कुठल्या पुस्तकातलं नाही, हात भाजून आलेलं आहे.

आता बोटीच्या दोन नंबरच्या कोठारात काय होतं ते बघा. खाली कापसाच्या गाठी आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. गाठ ओढून बाहेर काढायला जागा नाही, उकलायला वेळ नाही. ती आग लागण्याआधीच हाताबाहेर गेलेली होती.

१४ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.३०. उरले ३ तास ३६ मिनिटं

हमालांची जेवणाची सुट्टी झाली. याच सुमारास शेजारच्या बोटींवरच्या काही जणांना 'फोर्ट स्टिकीन'च्या हवा खेळवायच्या नळ्यांमधून थोडा धूर येताना दिसला. कुणी ओरडलं नाही. त्या बोटीवरच्या लोकांना ठाऊक असेलच, असं ज्यानं त्यानं धरून घेतलं.

या सगळ्या घटनाक्रमातली मला सगळ्यात जास्त छळणारी वेळ हीच आहे. चार वाजून सहा मिनिटांना जे घडलं ते भयंकर होतं, पण तोवर कुणाच्याच हाती काही उरलं नव्हतं. साडेबाराला सगळं हाती होतं. आमच्याकडे धुऱ्यावर पऱ्हाटी पेटवली जाते आणि वारा सुटला की शेजारच्या कुटाराच्या ढिगाकडे ती सरकायला लागते. रस्त्यानं जाणारे दहा जण बघतात आणि पुढे जातात, कारण "त्याचं त्याले मालूम असन." मुंबईची गोदी असो की गिरडचा धुरा, हे वाक्य सारखंच.

आग कशानं लागली? पुढे चौकशी झाली, तेव्हा बहुधा कुणाच्या तरी सिगारेटनं, असा निष्कर्ष निघाला. त्यापलीकडे कुणालाच जाता आलं नाही, कारण बघायला काही उरलंच नव्हतं.

दुपारी १.४५. उरले २ तास २१ मिनिटं

जेवून परतलेल्या हमालांना दोन नंबरच्या कोठारात धूर दिसला. ते वर धावले. बोटीवरच्या खलाशांनी आणि धक्क्यावर तैनात असलेल्या छोट्या अग्निशमन तुकडीनं पाण्याचे पाइप खाली सोडले. धूर इतका दाट की खाली उतरणारा माणूस लगेच खोकत वर येई. आग नेमकी कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून पाणी धुरावरच मारलं जात होतं.

२.१६. उरले १ तास ५० मिनिटं

तुकडीच्या प्रमुखाला बोटीत स्फोटकं आहेत हे कळलं होतं. त्यानं आपल्या माणसाला फोन करायला पिटाळलं. मुख्य केंद्राला एक ठरलेला संकेत द्यायचा होता, ज्याचा अर्थ आग दारूगोळ्याजवळ आहे, जास्तीची कुमक पाठवा. त्या माणसाला जो फोन सापडला, त्यावरून काही निरोप जाईना. मग त्यानं जवळच्या आगीच्या घंटेची काच फोडली. घंटा केंद्रात वाजली, पण ती नेहमीच्या, साध्या आगीची. दोन बंब निघाले.

त्या माणसाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. घाबरलेल्या माणसानं हाताला लागलं ते केलं. दोष असलाच तर ज्या धक्क्यावर हजार टनांच्या वर स्फोटकं उभी होती, तिथे धड चालणारा फोन कुठे आहे हे आधी दाखवून न ठेवणाऱ्यांचा आहे.

२.३०. उरले १ तास ३६ मिनिटं

दोन बंब पोचले. आत काय आहे ते कळल्यावर त्यांच्यावरच्या अधिकाऱ्यानं लगोलग योग्य तो संकेत पाठवला आणि आणखी बंब सुटले. थोड्या वेळानं मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. एकामागून एक पाइप बोटीवर चढले. पुढच्या तास-सव्वा तासात ९०० टनांहून जास्त पाणी त्या कोठारात ओतलं गेलं.

इथे मला थांबून विचार करावासा वाटतो तो पाइप धरणाऱ्या माणसांचा. पायाखाली लोखंड तापतंय. सोबतच्या लोकांच्या तोंडून आता कळलेलं आहे की खाली दारूगोळा आहे. तरी जागा सोडून कुणी गेलं नाही. एवढ्या दाबाचं पाणी सोडणारा पाइप एकट्याला धरवत नाही. दोघं-तिघं लागतात, आणि एकानं हात सोडला तर बाकीचे फेकले जातात. त्यामुळे पळून जाणं ही तिथे एकट्याची गोष्ट राहत नाही.

३ वाजता. उरला १ तास ६ मिनिटं

दारूगोळ्याचे जाणकार कॅप्टन ओबर्स्ट बोटीवर येऊन मालाची यादी बघून गेले होते. त्यांचं म्हणणं, बोट बुडवा, नाहीतर सगळी गोदी उडेल. गोदीचे प्रमुख कर्नल सॅडलर म्हणत होते, बोट ओढून बाहेर समुद्रात न्या. अग्निशमन दलाचं काम आग विझवणं, ते तेच करत होतं. बुडवायची तर गोदीत पाणी पुरेसं खोल नव्हतं. बाहेर न्यायची तर वाटेत इतर बोटी, आणि बोट हलली की पाइप तुटणार. तीन जाणकार, तीन मतं. निर्णय घेण्याचा पूर्ण अधिकार मात्र एकाचाही नाही. कप्तान नेस्मिथ मध्ये उभे. कुणीच काही ठरवलं नाही, म्हणून आपोआप एकच गोष्ट चालू राहिली, ती म्हणजे पाणी मारणं.

आणि ते पाणीच उलटलं. कोठारात पाण्याची पातळी चढू लागली, तशा जळत्या गाठी तरंगत वर सरकू लागल्या, स्फोटकांच्या दिशेनं. बोटीच्या एका बाजूचा रंग फोड येऊन सोलवटायला लागला, तेव्हा आग नेमकी कुठे आहे ते बाहेरून कळलं. तिथला पत्रा गॅसनं कापून आत पाणी मारायचं ठरलं, पण गॅसचं यंत्र ऐनवेळी चाललं नाही. बोटीभोवतीचं पाणी उकळायला लागलं होतं.

३.५०. उरली १६ मिनिटं

कोठारातून ज्वाळांचा लोळ उठला. बोट सोडा, असा हुकूम झाला. अनेकांनी उड्या टाकल्या. अग्निशमन दलाची काही माणसं धक्क्यावर येऊन पुन्हा पाइप धरून उभी राहिली.

४.०६

बोटीचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरवरच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपाची नोंद व्हावी तशी नोंद झाली आणि दूरच्या शिमल्यातही जमीन हलल्याचं यंत्रानं टिपलं. कापसाच्या पेटत्या गाठी आकाशात उडाल्या आणि शेजारच्या बोटींवर, गोदामांवर, गरिबांच्या वस्त्यांवर पडल्या. सोन्याच्या विटाही उडाल्या. त्यातली एक एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली आणि त्यानं ती प्रामाणिकपणे परत केली. मुंबईच्या स्फोटाची गोष्ट निघाली की लोक ही सोन्याची वीट हमखास सांगतात. बंबवाल्यांची गोष्ट मात्र मुद्दाम विचारावी लागते.

४.३४

दुसरा स्फोट, पहिल्याहून मोठा. मधल्या २८ मिनिटांत जे जखमींना उचलायला धावून आले होते, त्यांतले कितीतरी यात गेले.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. मृतांचा अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत केला जातो. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. कप्तान नेस्मिथ आणि कर्नल सॅडलर गेले. कूम्ब्स जखमी झाले, पण वाचले. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दुपारी गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे, आणि त्यांच्यामुळेच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १४ एप्रिल म्हटलं की आमच्याकडे निळे झेंडे, मिरवणुका आणि बाबासाहेबांची जयंती. आणि ते तसंच असायला हवं. अग्निशमन दलाच्या वाट्याला त्या दिवशी टाळ्या येत नाहीत. उलट मिरवणुकीच्या बंदोबस्तात कुठेतरी कोपऱ्यावर त्यांचा बंब सज्ज उभा असतो.

३१ मे २०१६, मंगळवार. रात्री १ च्या सुमारास

आता मुंबईहून आमच्या जिल्ह्यात. गिरड वर्धा जिल्ह्याच्या पूर्वेला, पुलगाव पश्चिमेला. पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आशियातल्या मोठ्या भांडारांत मोजलं जातं. सुमारे सात हजार एकरांचा पसारा. आम्ही वर्धेकर त्याला नुसतं 'डेपो' म्हणतो, आणि बसमधून कुंपण दिसलं की नवख्या पाहुण्याला सांगतो, इथे फोटो काढू नका.

मेअखेरचे दिवस. रात्रीदेखील भिंतींतून वाफ निघते अशा उन्हाळ्यात एका शेडला आग लागल्याचं लक्षात आलं. शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग होते. डेपोच्या अग्निशमन तुकडीची माणसं, सुरक्षा दलाचे जवान आणि अधिकारी तिकडे धावले.

इथे लाल बावट्याचा प्रश्न नव्हता. आत काय आहे, हे धावणाऱ्या प्रत्येकाला नीट ठाऊक होतं. मुंबईत बंबवाल्यांना आधी सांगितलं गेलं नाही म्हणून ते गेले, असं म्हणता येतं. पुलगावची माणसं माहीत असून गेली. तिथे थांबणं शहाणपणाचं होतं, असं त्यांच्यापैकी एखाद्याच्या आईला वाटलं तर तिला कोण चूक म्हणेल? पण ते थांबले असते, तर एका शेडची आग दुसऱ्या, तिसऱ्या शेडला गेली असती.

त्यानंतर

आग विझवणं चालू असतानाच स्फोट झाला. आगरगाव, पिपरी, नागझरी या डेपोलगतच्या गावांत दारं-खिडक्या निखळल्या. आकाश लाल. माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी, लेकरं काखोटीला मारून अंधारात निघाली. हजारांच्या वर लोकांना गावं सोडावी लागली. जखमींना सावंगीच्या आणि इतर दवाखान्यांत हलवलं गेलं.

सकाळ

उजाडल्यावर कळलं की आग त्या एकाच शेडपुरती राहिली. बाजूची शेडं वाचली. लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार, मेजर के. मनोज कुमार आणि आग विझवायला गेलेले बाकीचे, असे मिळून पुढे एकूण १९ मृत्यू नोंदले गेले. काहींची ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. त्याच दिवशी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर पुलगावला आले. आम्हाला गिरडला हे सगळं टीव्हीवरून समजलं. आमच्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी एकच हिशेब चालला होता, सगळी शेडं गेली असती तर आग कुठवर आली असती. त्याचं उत्तर कधीच शोधावं लागलं नाही, ते त्या १९ जणांमुळे. न घडलेल्या गोष्टीचा फोटो छापून येत नाही, म्हणून बंबवाल्यांचं अर्धं काम लोकांना कधी दिसतच नाही.

मग पर्रीकरांनी संसदेत जे सांगितलं ते वाचून मी पुन्हा मुंबईच्या साडेबारा वाजता जाऊन पोचलो. सुरुंगांमधून टीएनटी पाझरत होतं. त्या सुरुंगांमधल्या या दोषाची तक्रार त्या रात्री पहिल्यांदा झाली नव्हती. म्हणजे इथेही धूर कुणाला तरी आधी दिसलेला होता, फक्त तो कागदावरचा होता. रात्री एकला धावलेल्या माणसानं आपलं काम मिनिटांत केलं, आणि त्याच्या आधीच्यांचं काम वर्षांमध्ये झालं नाही. माझं मत विचाराल तर अशा दुर्घटनांत 'शौर्य' हा शब्द सरकारनं जरा जपून वापरावा. शौर्य जवानांचं खरंच असतं, त्याबद्दल वाद नाही. पण तो शब्द एकदा उच्चारला की मागचे सगळे कागद झाकले जातात. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला, पुलगावजवळच सोनेगाव आबाजीच्या माळरानावर जुना दारूगोळा निकामी करायला नेताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले.

आज, गिरडमध्ये किंवा तुमच्या गावात

आमच्या गावांना आग लागायला दारूगोळ्याचा डेपो लागत नाही. भाव वाढण्याची वाट बघत दिवाळीनंतरचा कापूस घरात, पलंगाच्या पायथ्यापर्यंत भरलेला असतो. त्याच खोलीत फवारणीची औषधं, इंजिनाच्या डिझेलचा डबा, पंपाचं उघडं वायरिंग आणि शेजारी चुलीवर किंवा सिलिंडरवर स्वयंपाक. शेतकऱ्याला यातलं काही हौसेनं ठेवायचं नसतं. गोदाम नाही म्हणून ठेवावं लागतं. ग्रामपंचायतीच्या गावाला स्वतःचा बंब नसतो. तो नगरपालिकेच्या गावाहून येतो, आणि तोवर घर आपल्यालाच सांभाळायचं असतं.

म्हणून एवढंच करा. कापसाच्या खोलीत विडी नको, दिवा नको, रात्री मोबाइल चार्जिंगला नको. धूर दिसला तर त्याचं त्याला माहीत असेल असं धरू नका, ओरडा. १०१ किंवा ११२ ला फोन लावला की आग लागली एवढं म्हणून ठेवून देऊ नका. आत माणसं आहेत का, कापूस किती आहे, औषधं आहेत का, सिलिंडर किती आणि कुठल्या खोलीत, डिझेल आहे का, वीज तोडली आहे का, बंब कुठल्या रस्त्यानं आत येईल आणि पाणी कुठल्या विहिरीवरून घेता येईल, हे सगळं सांगा. लाइनमनला वेगळा फोन करून वीज बंद करवा, कारण ओल्या जमिनीवर पाइप धरून उभ्या असलेल्या माणसाला तुटलेली तार दिसत नाही. एक माणूस गावाच्या तोंडाशी उभा करा, जो बंबाला वाट दाखवेल. बंडी, ट्रॅक्टर, मोटारसायकली रस्त्यातून काढा, आणि बघ्यांनाही मागे घ्या.

आणि बंब आला की त्यावरून पहिला जो माणूस उतरेल, त्याला आधी आत काय आहे ते सांगा, मग बाकीचं रडणं.